इलिंकाची उंची

"जे आलेत त्यांनाच उभं कर. जो आलेला नाही, त्याच्यासाठी जागा सोडत जाऊ नकोस."

वेता मावशीने मला हे कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तीस वर्षं तिने बर्लादच्या या फोटो स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर-खाली केल्या होत्या, आणि आता गुडघे गेले म्हणून मला काम शिकवून ती घरी बसणार होती. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते. याशीच्या विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी घेऊन आले होते, आणि गुडघे गेलेल्या बायकांचं ऐकायची मला गरज वाटत नव्हती.

"का गं मावशी, तिथे भूत येऊन उभं राहतं का?"

"भूत परवडलं. सोडलेल्या जागेचा जाब तुला द्यावा लागतो. आणि हसतेस काय? इथे दात दाखवायचे ते गिऱ्हाइकांनी."

मी आणखी हसले. ती घरी बसली आणि मी जागा सोडायला लागले. न सोडून सांगता कोणाला? आमच्याकडे दर दुसऱ्या घरातलं माणूस इटलीत असतं, आणि उरलेल्यांना त्याच्यासकट फोटो हवा असतो. मग कुटुंब ओळीत लावायचं, मधे एका माणसाची जागा ठेवायची, आणि सावल्या-उजेडाचा अंदाज यावा म्हणून त्या जागी आधी मी उभी राहायची. पोरं माझ्या कमरेला हात घालायची, म्हातारी माझ्या दंडाला धरायची. स्टुडिओचे मालक तुदोसे साहेब कॅमेऱ्यामागून "बाहेर!" म्हणाले की मी हळूच निसटायची, आणि सगळ्यांनी आपापले हात तसेच हवेत धरून ठेवायचे. हवेला मिठी मारून हसायचं. नंतर ब्रेशियाहून किंवा पादोव्याहून, तिकडे कामाला गेलेल्या बाईचा, पांढऱ्या दरवाजासमोर उभं राहून मोबाइलवर काढलेला फोटो यायचा. तो मी कापून त्या भोकात बसवायची. मग सगळे डोळे पुसत म्हणायचे, "अगदी खरं वाटतं हो!"

खरं! या शब्दाची मला तेव्हापासून किळस आली आहे.

दीड मीटरवरून कुटुंब नावाची वस्तू रोज बघा म्हणजे कळेल. नवऱ्याला सांगावं, बायकोच्या खांद्यावर हात ठेवा, तर तापलेल्या तव्याला बोट लावावं तसा ठेवतो. बायको पोट आत ओढते आणि श्वास घ्यायचा विसरते. सुना सासूच्या डोक्यावरचा रुमाल ओढून काढतात, कारण फोटो "युरोपातल्यासारखा" दिसला पाहिजे. सगळ्या खानदानाने पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स घालून यायची साथ आली होती मधे. नऊ-नऊ माणसं, जणू लग्नातले वाढपी संपावर निघालेत. ईस्टरच्या आधी साहेब एक कोकरू भाड्याने आणायचे. पोरं त्याला मांडीवर घेऊन गालाला गाल लावायची, आणि शनिवारी तेच कोकरू कोणाच्या तरी भट्टीत जायचं. टोपलीत एक जिवंत ससाही असे. तो दर तिसऱ्या कुटुंबावर मुतायचा. मला त्या सबंध स्टुडिओत तेवढा एकच जीव प्रामाणिक वाटायचा.

तुदोसे साहेबांचे केस काळे कुळकुळीत, रंगवलेले. गळ्यात उन्हाळ्यातही मफलर. "भावना!" ते कॅमेऱ्यामागून ओरडायचे. "साबिना, मला भावना दिसत नाही! त्या बाईंची भावना जरा डावीकडे घे!" मी बाईंची मान डावीकडे वळवायची. भावना झाली.

इलिंकाला मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या वर्षीच्या ईस्टरला, नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आठ वर्षांची होती, पुढचा एक दात पडलेला. तिची आई दोम्निका ब्रेशियाजवळ एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करायला गेलेली. इलिंका मामाकडे राहायची. मामा नेकुलाई, मामी जॉर्जेता, त्यांची चौदा वर्षांची बियांका आणि इलिंका, असे चौघं आले होते. दोम्निकाच्या जागी मी उभी राहिले. इलिंकाने माझ्या कमरेला विळखा घातला आणि एकदम मान वर करून म्हणाली, "आत कोणीतरी लाथ मारतंय."

"मारू दे. तू हस."

"मुलगा आहे?"

"मुलगा आहे. हनुवटी खाली."

साहेब "बाहेर" म्हणाले, मी निसटले. बाकीच्यांचे हात दोन मिनिटांत ढेपाळले. तिचा तेवढा हवेत राहिला, माझ्या कमरेएवढा गोल करून. साहेबांनी दिवे विझवले तरी तिने तो खाली घेतला नव्हता. मला सांगावं लागलं, "झालं गं, सोड आता."

या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात जॉर्जेता आली ती नव्या कोटात. नेकुलाई तिच्या मागे, बियांका त्याच्या मागे, मोबाइलमध्ये मान घालून. चौथं कोणी नव्हतं.

"इलिंका कुठे आहे?"

"अहो काय सांगू ताई, तिला कांजिण्या आल्यात. तोंड भरलंय नुसतं."

माझा रारेश तेव्हा नऊ महिन्यांचा. पलीकडच्या खोलीत, सशाच्या टोपलीशेजारी झोपलेला. मी अशी आई आहे की दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या तर वाऱ्याच्या झोताच्या भीतीने एक पळत जाऊन लावते. पर्समध्ये थर्मामीटर असतो. तो झोपला की मी दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाखाली बोट धरते. मी दोन पावलं मागे सरले.

"तुम्ही तिच्याजवळ होतात? बियांका होती? माझं बाळ आहे आत!"

"छे हो! ती द्यालु मिकला आहे, गावाकडे माझ्या आईपाशी. आमच्यातलं कोणी महिनाभर तिकडे फिरकलेलंसुद्धा नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

आणि मी निश्चिंत झाले. महिनाभर कोणी फिरकलं नाही, तर कांजिण्या कोणी पाहिल्या? हा प्रश्न सातवीतल्या पोरीलाही पडला असता. मला पडला नाही. माझं पोर वाचलं एवढंच माझ्या कानात शिरलं, आणि उरलेलं वाक्य मी बाहेरच्या बाहेर जाऊ दिलं.

"दोम्निकाला फोटो तर पाठवायला हवा," जॉर्जेता म्हणाली. "ती रडरडून जीव खाते. तुमच्याकडे गेल्या वर्षीची पोर असेल ना कॉम्प्युटरमध्ये? तीच उचला आणि इथे लावा. फक्त थोडी उंच करा. वर्षभरात पोरं वाढतात."

"किती उंच?"

अशा वेळी आम्ही फरशी पुसायचा दांडा उभा करतो. येणाऱ्या माणसाचे डोळे जिथे असतील तिथे त्यावर लाल पट्टी चिकटवतो, म्हणजे सगळ्यांची नजर बरोबर पडते. मी दांडा घेऊन उभी राहिले.

जॉर्जेताने हात कोटाच्या दुसऱ्या बटणाशी धरला. "एवढी. हो ना हो?"

नेकुलाईने आपला हात खांद्याशी धरला. "एवढी असेल की. आमच्याकडची माणसं उंच असतात."

बियांकाने मोबाइलवरून नजर न काढता दुसरा हात कमरेच्या जरा वर धरला. "एवढीशी तर आहे."

"गप गं, तुला काय कळतं!" जॉर्जेता म्हणाली.

तीन माणसं, तीन उंच्या. सगळे त्या दांड्याकडे बघत राहिले, जणू दांडाच उत्तर देणार आहे. ज्या घरात ती पोर जेवते म्हणतात, त्या घरात ती टेबलाच्या कुठवर येते हे कोणाला माहीत नव्हतं. माझ्या घरी चौकटीवर रारेशच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. त्याला अजून उभंही राहता येत नाही, तर मी त्याला काखेत धरून मापते. आणि मी तिथे उभी राहून काय केलं? मी साहेबांकडे पाहिलं.

"मधलं घे," साहेब म्हणाले. "साबिना, चल, कोकरू वैतागलंय."

मी मधलं घेतलं. पट्टी चिकटवली.

"जॉर्जेताबाई, हात तिच्या डोक्यावर. नाही, दाबू नका. सैल. मायेने."

तिने त्या दांड्यावर असा हात फिरवला की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. फरशी पुसायच्या दांड्यावर! नेकुलाई त्याच्याकडे बघून बापासारखा हसला. पुढ्यात कोकरू, मागे कागदी फुललेली चेरी. "भावना!" साहेब गदगदून म्हणाले. "या वर्षातली सर्वोत्तम भावना!"

पुढचं काम माझं. डोकं मोठं न करता धड लांब करायचं, फ्रॉकची किनार खाली ओढायची, मनगटं थोडी पुढे काढायची. गालांवर रंग. गेल्या वर्षीच्या हसण्यात पडलेल्या दाताची खिंड होती, ती एक वर्ष उघडी राहणं बरं दिसलं नसतं. शेजारचा दात उचलून मी तिथे बसवला, सरळ, पांढराशुभ्र. दुपारभर खपले. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि मी खुशीत होते, हेही लिहून ठेवते.

ईस्टर होऊन गेल्यावर आठवड्याने स्टुडिओच्या मोबाइलवर दोम्निकाचा व्हॉइस मेसेज आला. पाठीमागे कुठेतरी म्हातारा खोकत होता.

"ताई, देव तुमचं भलं करो. किती मोठी झाली हो माझी पोर! नेकुलाईच्या छातीला लागली! तेवढं सांगा, तो दात सरळ आलाय ना? माझा वाकडा आला होता, मला शाळेत चिडवायचे. फोटोत सरळ वाटतोय. तुम्ही तिला जवळून पाहिलंय म्हणून विचारते. हसली ना ती? आपणहून हसली, की हसवावी लागली? वहिनी म्हणते घरचा फोन बिघडलाय. महिना झाला, मला तिचा आवाज ऐकायला मिळालेला नाही."

रारेश माझ्या मांडीवर होता. त्याला पहिला दात येत होता, आणि तो माझं बोट चावत होता. मी एका हाताने लिहिलं, "सरळ आलाय. आपणहून हसली."

पाठवलं. लगेच तिकडून दहा लाल हृदयं आली. मी फोन पालथा ठेवला आणि स्वतःबद्दल मला जे वाटलं, ते मी आजवर कोकराला गाल लावणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाबद्दल वाटून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी मी वेता मावशीकडे गेले. ती गुडघ्यांना कोबीची पानं बांधून बसली होती.

"द्यालु मिकची, जॉर्जेताची आई. ओळखतेस?"

"न ओळखायला काय झालं? तिच्या तिन्ही लेकरांचे बाप्तिस्म्याचे फोटो मी मांडलेत. पण ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय ना गं? कुशीवर वळता येत नाही बिचारीला. तिला कोण बघतं म्हणे आता?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने कोबीचं पान सोडलं आणि उगाच पुन्हा बांधलं.

"शनिवारी मिनीबस आहे," ती म्हणाली. "साडेआठची."

मी शनिवारी गेले. रारेशला छातीशी बांधून, कानटोपी घालून. दूध जमा करायच्या केंद्रापाशी उतरले. तिथून चढाव, शेवटचं निळं फाटक. फाटकाच्या फटीतून अंगण दिसत होतं, आणि अंगणातून एक पोर पायांना मोठे होणारे रबरी बूट ओढत बादली नेत होती. दोन्ही हातांनी धरली तरी बादली घोट्यांना आपटत होती.

ती तेवढीच होती. गेल्या वर्षी माझ्या कमरेला विळखा घालून उभी होती, तेवढीच. एक बोटभरही जास्त नाही.

"इलिंका."

तिने बादली ठेवली, जवळ आली, फटीला डोळा लावला.

"तू ती फोटोवाली ना? लाथ मारणारा तो हाच का?"

"हाच. रारेश."

"टोपी काढ ना त्याची, बघू दे."

"वारा आहे गं. फाटक उघडतेस?"

"किल्ली मामीकडे. दूधवाला भाऊ पाव वरून टाकतो." तिने फटीतून दोन बोटं घातली. रारेशने ती पकडली. "जोर आहे की याला!"

"शाळेत नाही जात?"

"सुट्टी आहे."

सुट्टी संपून आठवडा होऊन गेला होता.

"तुला कांजिण्या आल्या होत्या ना?"

"मला? कोण म्हणालं?"

आतून भिंतीवर पत्र्याचा पेला आपटल्याचा आवाज आला. तीनदा. "आले, आले, जरा दम धर!" ती वळून ओरडली, अगदी चाळिशीतल्या बाईसारखी. मग मला समजावून सांगितलं, "आजीला फिरवावं लागतं. नाहीतर पाठ सोलते. आधी मला जमायचं नाही. आता उशी मधे घालते आणि ढकलते."

"तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. सोलली तेव्हा कळलं."

पर्समध्ये रारेशची बिस्किटं होती. मी पुडा फाटकावरून टाकला. तिने तो उचलला, माझ्याकडे पाठ केली आणि तशीच उभ्या उभ्या खाल्ली. शेवटची दोन फ्रॉकच्या खिशात ठेवली. मग वळली, आणि मला तिचे दात दिसले. नवा दात आला होता. वाकडा, अर्धा दुसऱ्यावर चढलेला.

"आईला फोटो गेला?" तिने विचारलं.

"गेला."

"मी आहे त्यात?"

"आहेस."

"कुठे उभी आहे?"

"बियांकाच्या शेजारी. मामीचा हात तुझ्या डोक्यावर आहे."

तिने थोडा विचार केला. "मग बरं आहे. नाहीतर आई रडते."

पेला पुन्हा वाजला, आणि ती बूट ओढत पळाली.

परतीच्या मिनीबसमध्ये मी दोम्निकाला फोन लावला. एवढा वेळ काय बोलायचं ते ठरवत होते. सगळं ठरवलेलं विसरले आणि एका दमात सांगून टाकलं: फाटक, बादली, आजी, शाळा.



"ताई, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या पोरीबद्दल बोलताय," ती म्हणाली. "माझी पोर माझ्या समोर आहे. भिंतीवर लावलीय. नेकुलाईच्या छातीला लागते."

"ती उंची मी केलीय, दोम्निकाबाई. ती फोटोला आलीच नव्हती. गेल्या वर्षीची उचलून लांब केलीय मी."

"दात?"

"दातही मीच बसवलाय. खरा वाकडा आलाय."

"तुम्हीच मला लिहिलंत, सरळ आलाय म्हणून. आपणहून हसली म्हणून."

"खोटं लिहिलं."

"म्हणजे तुम्ही खोटारड्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मग मी खोटारडीचं आज तरी का ऐकू? वहिनीने मला सांगितलंच होतं, पोरीला सांभाळणाऱ्यांवर लोक जळतात म्हणून. तुम्हाला काय पाहिजे आहे? पैसे? मी इथे परक्याची घाण काढते ती माझी पोर चांगल्या घरात राहावी म्हणून. ती राहतेय. मला दिसतंय! माझ्या डोळ्यांना दिसतंय!"

फोन बंद झाला. नंतर लागलाच नाही. तिला दोष देऊ शकत नाही मी. तिच्यापाशी पुरावा होता, आणि पुरावा चांगला बनवलेला होता.

सोमवारी बालकल्याणच्या कार्यालयात गेले. टेबलामागे एक गोल चष्म्याच्या बाई, समोर पदार्थांचं चित्र असलेलं कॅलेंडर. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. दहा दिवसांनी बोलावलं आणि माझ्यासमोर काय ठेवलं म्हणता? फोटो. काचेच्या चौकटीत.

"मामी स्वतः घेऊन आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "ईस्टरला सगळे एकत्र. बघा ना, मुलीच्या गालांवर किती छान रंग आहे."

"तो रंग मी भरलाय."

"आणि आमच्या माणसांनी भेटही दिली. आधी फोन करून गेले, रीतसर. मुलगी बर्लादला मामाच्या घरीच होती. न्हालेली, वेणी घातलेली, समोर सूपची वाटी. वयाच्या मानाने लहानखुरी आहे, पण काही मुलं असतात."

"फोटोतल्या मुलीशी ताडून पाहिलीत का तुम्ही? फोटोत ती मामाच्या छातीला लागते!"

"बाई," त्यांनी चष्मा काढला, "फोटोत सगळेच जरा बरे दिसतात. माझ्या पासपोर्टवरची मीसुद्धा मी नाही." आणि स्वतःच्या विनोदावर हसल्या.

मी तुदोसे साहेबांना म्हटलं, मला दोन ओळी लिहून द्या की ही मुलगी त्या दिवशी स्टुडिओत नव्हती. तुमचा शिक्का मारा. ते कोकराच्या पायाखालचा हिरवा गालिचा गुंडाळत होते.

"साबिना, डॉक्टर रोग्याबद्दल बोलतो का? पाद्री कबुलीजबाब सांगत फिरतो का? आपला धंदा तसाच आहे. मी उद्या म्हटलं की फोटोतलं माणूस तिथे नव्हतं, तर या गावातल्या अर्ध्या भिंतींवरचे फोटो उतरवावे लागतील." मफलर सारखा करत म्हणाले, "आणि मुलगी आहे ना जिवंत? मग? काहींच्या बाबतीत तर मी तेवढंही विचारलेलं नाही."

मी माझा कप, टाचण्यांचा डबा आणि रारेशचं पांघरूण उचललं आणि निघाले. नोकरी सोडली म्हणून मला कोणी शहाणी म्हणू नये. मी ती एक वर्ष केली.

पुढच्याच शनिवारी पुन्हा गेले. तपासणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोर परत वर नेली होती. मला दूध केंद्रावरच्या माणसाने सांगितलं, कॅन धुता धुता, मान वर न करता. निळ्या फाटकाला आता आतून पत्रा ठोकला होता, एकही फट नव्हती. मी हाक मारली. पत्र्याच्या आतून कुत्रं साखळी ताणून भुंकलं आणि नेकुलाई बाहेर आला. फाटक त्याने आपल्यापुरतंच उघडलं होतं.

"फोटोवाल्या बाई. परत आलात?"

"इलिंकाला बोलवा. एक मिनिट बघते आणि जाते."

"ती झोपलीय."

"सकाळी अकराला?"

"वाढत्या वयात झोप लागते." त्याने रारेशकडे पाहिलं, बराच वेळ. मग बोट पुढे केलं आणि त्याच्या टोपीची नाडी सारखी केली. "तुम्ही तुमचं पोर सांभाळा, बाई. वाऱ्यावाऱ्यात कशाला हिंडवता? पोरांना काही व्हायला वेळ लागत नाही."

मी खाली उतरले ती पळतच. मिनीबस यायला तास होता. दूध केंद्राच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि रारेशच्या नाकाखाली बोट धरलं. तो मजेत होता, कॅनचा आवाज ऐकून हसत होता. मी मात्र तिसऱ्यांदा गेले नाही. माझ्या नवऱ्याने घातलेली शपथ हे कारण मी लोकांना सांगते. खरं कारण ते टोपीच्या नाडीवरचं बोट आहे.

म्हणून हे लिहिते आहे. ऑगस्टमध्ये तुमच्यापैकी कितीतरी जण इटलीच्या नंबरप्लेटची गाडी घेऊन घरी येता. डिकीत कॉफीचे डबे, पुढे काचेला लटकवलेला क्रूस, आणि पहिल्याच रविवारी सगळं खानदान पांढऱ्या शर्टांत स्टुडिओच्या पायऱ्यांवर. तुमची मला किती कीव येते आणि किती राग येतो ते वर लिहून झालंच आहे. तरी मागायला तुमच्यापाशीच आले आहे. मला तिथे ओळखतात. तुम्हाला नाही ओळखत. मोठी गाडी, परदेशी नंबर, अनोळखी माणूस पाणी मागतोय म्हटल्यावर आमच्याकडे अजून कोणी दार लावून घेत नाही.

बर्लादहून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. द्यालु मिकला दूध केंद्रापाशी गाडी लावा आणि चढावाने शेवटपर्यंत जा. फाटक निळं, आतून पत्रा. शनिवार-रविवार टाळा, मी जाऊन आल्यापासून तेव्हा नेकुलाई असतो. मधल्या दिवशी सकाळी जा. पाणी मागा. कोणी नाही आलं तर नावाने हाक मारा: इलिंका. भरपूर मोठ्याने, कारण ती आत आजीला वळवत असेल. आजी कशी आहे तेही विचारा, त्या बाईचाही काही दोष नाही.

घाईने निघू नका. ती स्वतः फाटकापाशी येऊन तुमच्याशी बोलेपर्यंत थांबा. तिला विचारा, जेवलीस का, आणि "हो" म्हणाली तर काय जेवलीस ते विचारा. आणि पोरीऐवजी कोणी चौकटीतला फोटो आणून तुमच्यापुढे धरला, तर तो मी केलेला आहे. तो बाजूला करा, आणि तिला पुन्हा हाक मारा.